कॅबिनेट, हळद आणि मे महिन्यातली लग्नं

कॉम्प्युटरचं कोटेशन कधी नीट वाचलंय का? प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक कार्ड, सगळ्यांना वीज देणारा एसएमपीएस, आणि पार तळाला, जीएसटीच्या डोक्यावर, ‘कॅबिनेट’, म्हणजे हे सगळं ज्यात बसतं तो डबा. बऱ्याचदा कंपनीचं नावसुद्धा नसतं, नुसतं ‘कॅबिनेट विथ आरजीबी’ (म्हणजे रंगीत लाइटवालं) आणि पुढं एक आकडा. वरचं सगळं ठरवता ठरवता बजेट संपलेलं असतं, मग उरलेल्या दोन-अडीच हजारात जो डबा बसेल तो बसवायचा. आणि गंमत बघा, प्रोसेसर चार-पाच वर्षांत बदलतो, ग्राफिक कार्ड त्याच्या आधीच कुणाला तरी विकलं जातं, रॅम वाढते, डबा मात्र तोच. जी वस्तू घरात सगळ्यात जास्त वर्षं राहणार तिच्यावर आपण सगळ्यात कमी डोकं लावतो.

माझ्यावर डोकं लावायची वेळ आली ती भाच्यामुळं. भाचा इंजिनिअरिंगला गेला, त्याला पीसी पाहिजे, अभ्यासाला म्हणतोय पण आरटीएक्स ३०६० हे गेमवालं ग्राफिक कार्ड कशाच्या अभ्यासाला लागतं ते मी विचारलं नाही. ताईनं एकच अट घातली, ‘मामाला दाखवल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत’. मामाला का, तर मामा लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो, रात्रंदिवस कॉम्प्युटरपुढं बसतो, म्हणजे त्याला कळत असणार असा ताईचा समज. तर साहेब मोबाईल घेऊन आले आणि फोटो दाखवला, चारी बाजूंनी काच, आत दहा पंखे इंद्रधनुष्यासारखे पेटलेले, एक वायर दिसत नाही. ‘मामा, हे बघ की, कसलं भारी दिसतंय!’ दिसतंय भारी, वादच नाही. लियान ली कंपनीचं ओ११ डायनॅमिक हे कॅबिनेट २०१८ ला आलं आणि तिथून ही मच्छीघरासारखी कॅबिनेटं सगळ्यांनीच काढायला सुरुवात केली. पुढं काच, बाजूला काच, एसएमपीएस मागच्या वेगळ्या कप्प्यात. म्हणलं, पंखे किती येतात बरोबर? खाली स्क्रोल करून करून बघितलं त्यानं, तर शून्य. फोटोतले दहाही पंखे वेगळे घ्यायचे. पोरगं जरा गप्प झालं.

आता माझी बाजू सांगतो, म्हणजे मी हवा हवा का करतो ते कळेल. आमचं घर सांगलीत, मार्केट यार्डापासून फार लांब नाही. माझं काम लग्नसराईचं, म्हणजे एप्रिल-मे मध्ये श्वास घ्यायला फुरसत नाही, चार कॅमेऱ्यांचं फुटेज, त्यात ड्रोन, त्यात प्री-वेडिंग, आणि नवरीच्या काकाला रिसेप्शनच्या आधी टीझर पाहिजे असतो. तेव्हा कॉम्प्युटर रात्रभर रेंडरला, म्हणजे एडिट केलेल्या तुकड्यांचा अखंड व्हिडिओ तयार करायला, लावलेला. आणि नेमकं तेव्हाच बाहेर ३९-४० डिग्री, वरच्या मजल्याची खोली, दिवसभर तापलेला स्लॅब, रात्री अकरालासुद्धा खोलीत ३५. म्हणजे ज्या दोन महिन्यांत मशिनला सगळ्यात जास्त काम, त्याच दोन महिन्यांत त्याला सगळ्यात गरम हवा. यूट्यूबवर कॅबिनेटचे जे रिव्ह्यू असतात ते एसी खोलीत, २१-२२ डिग्रीला केलेले असतात. तिथं प्रोसेसर ७० दाखवला म्हणून आपण खूश होतो. पण पंखा काही गारवा तयार करत नाही, तो फक्त गरम हवा हलवतो, त्यामुळं खोली जेवढी वर तेवढा आतला आकडाही वर. तिथले ७० आमच्याकडं मे मध्ये ८३-८५. आणि रायझन ५ ५६०० सारख्या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९० आहे, तिथं पोचला की तो स्वतःच दम खातो, स्पीड कमी करतो, आणि रेंडरचा ‘अजून दोन तास’ पहाटेपर्यंत लांबतो. पाण्याचा कूलर बसवला तरी हेच, तोही उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेतो आणि शेवटी त्याच खोलीतल्या हवेत सोडतो. खोलीच्या खाली कुणीच जाऊ शकत नाही.

पेंटियम ४ च्या काळात प्रोसेसर फार तापायला लागले तेव्हा इंटेलनं कॅबिनेट बनवणाऱ्यांसाठी एक नियम काढला होता, बाहेर ३५ डिग्री असताना प्रोसेसरच्या पंख्याला मिळणारी हवा ३८ च्या वर जाता कामा नये. त्यासाठी बाजूच्या पत्र्याला जाळी आणि आतून प्लास्टिकचं एक नरसाळं, थेट प्रोसेसरच्या तोंडावर. ज्यांनी त्या काळातली कॅबिनेटं उघडलीत त्यांना ते नरसाळं आठवत असेल, उघडताना प्रत्येक वेळी कशात तरी अडकायचं. वाचलं तेव्हा हसू आलं मला, म्हणलं साहेब, आमच्या खोलीतच मे मध्ये दुपारी ३८ असतंय, आता बोला.

त्यातून आपल्याकडची ती कॉम्प्युटर टेबलं! खाली सीपीयूसाठी लाकडी कप्पा, मागं प्लायवूड ठोकलेलं, पुढं दार, काहीजण वर कुलूप लावायचे. मशिन आपलीच गरम हवा परत परत ओढतंय आणि आपण म्हणतोय मशिनच खराब लागलं. ते टेबल अजून कुणाकडं असेल तर आधी मागचं प्लायवूड काढा, कॅबिनेट बदलायचं नंतर बघा. फुकटात जो फरक पडतो तो पाच हजाराच्या कॅबिनेटनं पडणार नाही.

तर भाच्याला घेऊन मिरजेला गेलो, आमचा एक दोस्त आहे, हार्डवेअरची कामं करतो, त्याच्याकडं एकावेळी आठ-दहा मशिनं पोटं उघडी टाकून पडलेली असतात. शिकायचं असेल तर दुकानातल्या चकाचक डब्यांपेक्षा अशा ठिकाणी जावं. एक कॅबिनेट होतं, पुढं अखंड काच, काचेच्या मागं तीन आरजीबी पंखे. दोस्तानं मशिन चालू केलं, टिश्यू पेपरचा एक तुकडा काचेच्या कडेला धरला, जिथनं हवा आत जायला बोटभर फट ठेवलेली होती. कागद हलला, थोडासा. मग त्यानं पुढची काच खस्सकन ओढून काढली आणि तोच कागद पंख्यांपुढं धरला तर तो जाऊन चिकटला. पंखे तेच, स्पीड तोच. ‘बघ भावा,’ तो भाच्याला म्हणला, ‘पंखं तीन हायत पण नाक दाबल्यालं हाय.’ मग शेजारचं जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट, त्यात पुढं दोनच पंखे, कागद जाळीला चिकटून बसला. पोराला जे मी अर्धा तास तोंडानं समजावत होतो ते त्या कागदानं एका मिनिटात समजावलं.

एवढ्यावर विषय संपला असता तर बरं झालं असतं. जाळीचं कॅबिनेट घ्या आणि मोकळे व्हा, इंग्रजी रिव्ह्यू इथंच थांबतात. पण हवा काय नुसती येते का? आमच्याकडं तिच्याबरोबर हळद येते.

जानेवारी-फेब्रुवारीपासून नवी हळद यार्डात यायला लागते ती पार उन्हाळा संपेपर्यंत. सौदे, पोती, पॉलिश, गाड्या, नुसती धांदल. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्याचा अभिमान आहेच, पण जीआय मिळालेली तीच हळद वारं सुटलं की आमच्या गॅलरीतल्या दोरीवर, खिडकीच्या गजांवर आणि कॉम्प्युटरच्या पोटात येऊन बसते. एकदा मशिन उघडलं की दिसतं, साध्या मातीच्या धुळीत तेलकट पिवळी पूड मिसळली की तिची एक पट्टीच तयार होते, ब्लँकेटच्या कापडासारखी, पंखा आणि प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांच्या मधोमध. पंखा काढून ती पट्टी नखानं उचलली की अखंड निघते, खालच्या पात्यांचा आकार तिच्यावर उमटलेला. पंखा जीव तोडून फिरतोय आणि हवा त्या कापडापाशीच अडतेय. रेंडर लावला की खोलीत हळदीचा वास सुटायचा, आई विचारायची फोडणी कुणी टाकली.

हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हळदीची पेवं होती, जमिनीत खोल खणलेली, त्यात हळद टाकून तोंड असं बंद करायचे की हवेचा कणही आत जाणार नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं टिकायची, कीड नाही काही नाही. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच गेली. कॅबिनेट म्हणजे बरोबर उलटं पेव. हवा तर आलीच पाहिजे, आणि हळद येता कामा नये.

हे जमवायचा त्यातल्या त्यात एक मार्ग आहे, आत हवा ओढणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवायचे. समजा पुढं तीन ओढणारे, मागं एक फेकणारा. मग आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो, जिथं जिथं फट आहे तिथनं हवा बाहेर पडते, आत शिरत नाही. शिरायची वाट एकच, पुढची, आणि तिथं फिल्टर. उलट केलं, म्हणजे फेकणारे जास्त, तर कॅबिनेट प्रत्येक भोकातनं हवा चोखतं, यूएसबीच्या भोकातनं, स्लॉटच्या फटीतनं, आणि तिथं कुठला आलाय फिल्टर. धूळ अजिबात येणार नाही असं होत नाही, पण ती एका जागी, फिल्टरवर येते, आणि फिल्टर नळाखाली धुता येतो.

आता इथं खरी मेख आहे. फिल्टर धुता येतो हे खरं, पण तुम्ही धुणार का? खालच्या एसएमपीएसचा फिल्टर बऱ्याच कॅबिनेटांत मागच्या बाजूनं ओढून काढायचा असतो. म्हणजे कॅबिनेट भिंतीपासून पुढं ओढा, मागच्या वायरी ताणतात, मग त्या काढा, मग फिल्टर. कोण करतंय एवढं? एकदा कराल, हौस असते तोवर. तोच फिल्टर पुढनं किंवा बाजूनं ड्रॉवरसारखा निघत असेल तर चहा उकळेपर्यंत काम होतं. तसंच पुढची जाळी. ओढली की सुटी निघाली पाहिजे, तिला लाइटच्या आणि पॉवर बटणाच्या वायरी लोंबत असल्या तर अर्धवट उघडून लोक तशीच परत दाबतात. वरचा फिल्टर चुंबकाचा असला की झालं. माझं तर असं मत झालंय की आपल्या भागात कॅबिनेट थंड राहतं का हा प्रश्नच अर्धवट आहे, नवीन असताना सगळीच थंड राहतात. तिसऱ्या वर्षीच्या मे मध्ये काय होतं ते बघायचं, आणि ते ठरतं ते साफ करायला किती सोपं आहे यावर. पंख्यांची संख्या, सीएफएमचे (पंखा मिनिटाला किती घनफूट हवा हलवतो त्याचे) आकडे, ते सगळं नंतर. (सीएफएमचा आकडा तसाही उघड्यावर मोजलेला असतो, पुढं बारीक जाळी आली की त्यातला किती उरतो ते पंख्याच्या दाबावर ठरतं. बॉक्सवर तो दुसरा आकडा बारीक अक्षरात असतो, नाहीतर नसतोच.)

पंख्यांचं थोडक्यात सांगतो, कारण दुकानात फार गोंधळ घालतात. मोटर धरून ठेवणाऱ्या चार काड्या ज्या बाजूला दिसतात त्या बाजूनं हवा बाहेर पडते, एवढं ध्यानात ठेवलं की कुणाला विचारायला नको. वरच्या बाजूला पुढच्या टोकाला फेकणारा पंखा लावायचा मोह होतो, जागा रिकामी दिसते म्हणून, पण तो पुढनं आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आधीच वर उडवून देतो. वर लावायचाच तर मागच्या टोकाला. आणि स्वस्त कॅबिनेटबरोबर जे चार-चार आरजीबी पंखे फुकट येतात त्यांचा कनेक्टर बघा. तो जाड चार दांड्यांचा मोलेक्स थेट एसएमपीएसला लागत असेल तर पंखे कायम एकाच स्पीडला, तुम्ही नुसता ईमेल वाचत असला तरी घूं घूं चालू. मदरबोर्डला लागणारा तीन पिनचा असला तर व्होल्टेज कमी-जास्त करून तो हळू करता येतो, चार पिनचा असला तर अजून चांगलं. दिखाऊ चार पंख्यांपेक्षा ऐकणारे दोन पंखे बरे, मग नंतर एखादा वाढवता येतो.

आता वायरी. इथं मी भाच्याशी नाही, सगळ्या इंटरनेटशीच जरा भांडणार आहे.

सगळीकडं लिहिलेलं असतं की वायरी नीट बांधल्या की हवा खेळती राहते आणि मशिन थंड राहतं. हे एके काळी खरं होतं. हार्ड डिस्कच्या त्या आयडीई केबली आठवतात? चार बोटं रुंद, राखाडी पट्ट्या, कॅबिनेटच्या मध्यात पडद्यासारख्या लटकलेल्या. एसएमपीएस वर, त्याच्या वायरींचा झुबका प्रोसेसरवर, पुढं डीव्हीडी रायटरचे कप्पे, आणि हवेला एकुलता एक ८० मिलिमीटरचा पंखा. त्यात वायरी आवरल्या की फरक पडायचाच. नंतर २००३ च्या सुमाराला साटा आलं, केबल बोटाएवढी झाली, आता तर एसएसडी मदरबोर्डवरच बसते, तिला वायरच नाही. एसएमपीएस खाली गेला, त्याच्यावर पत्र्याचं झाकण आलं. जाळीच्या कॅबिनेटात पुढनं तीन पंखे ओढत असताना चार वायरी लोंबल्या तर किती फरक पडणार? नगण्य. फोटोत दिसायला वाईट, बाकी काही नाही.

मग वायरी बांधायच्याच कशाला? साफ करायला! ब्लोअर मारायचा तर पुढं वायरींचं जंजाळ असलं की हवा कोपऱ्यात जात नाही आणि त्याच वायरींवर हळदीचा थर बसतो. रॅम काढून पुसायची तर आधी तीन वायरी बाजूला करा. एखादी सैल वायर पंख्यात जाऊन टरटर आवाज करते, एखादीचा कनेक्टर ओढला जाऊन सुटतो आणि मग ‘मशिन चालूच होईना’ म्हणून फोन. दोस्त म्हणला, त्याच्याकडं येणाऱ्या निम्म्या तक्रारी अशाच, काही जळलेलं नसतं. वायरी आवरलेल्या असल्या की माणूस कॅबिनेट उघडायला बिचकत नाही, आणि उघडलं तरच साफ होतं. थंड राहण्याशी संबंध आहे तो असा, वळसा घेऊन.

म्हणून कॅबिनेट घेताना मी आता पुढनं बघतच नाही. मागचं झाकण काढायचं, जिकडं काच नसते ते, आणि तिथं बघायचं. मदरबोर्ड ज्या पत्र्यावर बसतो तो आणि मागचं झाकण यात किती जागा आहे? मदरबोर्डची २४ पिनची मुख्य केबल चांगली करंगळीएवढी जाड असते, तिच्यावरनं दुसरी वायर गेली की अजून जाड. २० मिलिमीटरच्या खाली जागा असली की झाकण लावताना गुडघा टेकवावा लागतो आणि पत्रा कायमचा फुगतो. २५ असली तर आरामात. कॉर्सेअरच्या ४०००डी मध्ये साधारण तेवढी आहे, त्या कॅबिनेटचं नाव लोक उगाच घेत नाहीत. मग बांधायला जागोजाग आकडे आहेत का, भोकांना रबर आहे का की कापरा पत्रा तसाच सोडलाय. स्वस्त कॅबिनेटात पत्र्याची कड ब्लेडसारखी असते, हात घातला की रक्त, दोस्ताच्या हातावर त्या खुणांचा नकाशा झालाय.

एक भोक मी खास शोधतो. मदरबोर्डच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरची आठ पिनची केबल लागते, तिला तिथंच वर भोक पाहिजे. ते नसलं की केबल ग्राफिक कार्डावरनं तिरकी आणावी लागते. आणि असलं तरी ही केबल सगळ्यात आधी ओवून घ्यायची, मदरबोर्डवर कूलर चढवल्यावर त्या कोपऱ्यात हात जात नाही, मग चिमटा आणा, स्क्रूड्रायव्हरनं ढकला, शिव्या द्या.

बांधायला प्लास्टिकचे झिप टाय वापरू नका. दिसतात छान, पण प्रत्येक वेळी कापावे लागतात, आणि कापताना कटर वायरीला लागला तर संपलं. वेल्क्रो वापरा. ऑनलाइन केबल स्ट्रॅप म्हणून महाग विकतात, तेच शिवणाच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळतं, मऊ आणि खरखरीत दोन्ही पट्ट्या घ्यायच्या, पाठीला पाठ चिकटवायची आणि हवे तेवढे तुकडे करायचे.

अजून काही गोष्टी कुठल्याच रिव्ह्यूत सापडत नाहीत. ग्राफिक कार्डाच्या जागी मागं पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्या स्क्रूच्या आहेत की तोडायच्या ते बघा. तोडायची पट्टी एकदा तुटली की परत लागत नाही, आणि कार्ड बदललं की भोक उघडं. त्या भोकातनं पाल जाते. हसू नका, पाल एसएमपीएसपर्यंत पोचली की पाल पण जाते आणि एसएमपीएस पण. दुसरं, काचेचं झाकण काढलं की फरशीवर उभं टेकवू नका. ती काच सपाट मार खाईल पण कोपरा फरशीला टक्कन लागला की सगळीचा चुरा होतो. गोधडी घाला खाली. तिसरं, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्यात कॅबिनेटचा काही दोष नाही, घरात अर्थिंग नाही, वायरमनला बोलवा.

आणि वजन. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा मुद्दा सुचणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे. ज्यांची दुकानं, स्टुडिओ गावभागात, स्टेशन चौकात तळमजल्यावर होते त्यांनी रात्रीत सामान वर चढवलं. पाणी वाढतंय, लाइट गेलीय, जिना अरुंद, आणि हातात चारी बाजूंनी काचेचा डबा, रिकामाच दहा किलोच्या पुढचा, धरायला कड नाही कुठं. आमच्या धंद्यातल्या लोकांच्या हार्ड डिस्का असतात आत, लोकांची लग्नं असतात त्यात. मधल्या आकाराचं पत्र्याचं कॅबिनेट रिकामं सहा-सात किलोचं असतं, वर बोटं अडकवायला कड असली तर एकटा माणूस नेतो. भाचा म्हणला, ‘मामा, आमचं घर विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर आहे.’ म्हणलं बरं, तुझ्यापुरता हा मुद्दा कॅन्सल.

शेवटी काय घेतलं? बजेट चार-साडेचार हजाराचं ठरलं, कोटेशनमधल्या अडीचच्या जागी. फरक एसएसडीतनं नाही काढला, कीबोर्डातनं काढला, साधा कीबोर्ड घेतला. पुढं अख्खी जाळी, पुढं दोन पंखे आणि मागं एक, तिन्ही मदरबोर्डला लागणारे, एका बाजूला काच कारण पोराचंही मन राखलं पाहिजे. घ्यायच्या आधी त्यानं स्वतःच यूट्यूबवर त्या कॅबिनेटची मागची बाजू दाखवणारे व्हिडिओ शोधून काढले, कूलरची उंची आणि कार्डाची लांबी बसते का ते टेपनं कागदावर आखून बघितलं. १६० मिलिमीटरचा कूलर उद्या बसवायचा झाला तर बसला पाहिजे, ही त्याची अट, माझी नाही. जोडणी माझ्याच खोलीत झाली, त्यानं केली, मी फक्त आठ पिनची केबल आधी ओव म्हणून ओरडायला होतो. मागची बाजू बांधायला मदरबोर्ड बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. नंतर तळाच्या बाजूला अजून दोन पंखे लावले, ग्राफिक कार्डाला खालनं थेट हवा मिळावी म्हणून, कारण आतला सगळ्यात मोठा तापट माणूस तोच, १७० वॅटचा, आणि तो आपली गरम हवा कॅबिनेटातच सोडतो. खोलीत ३४ डिग्री असताना तासभर गेम चालवला, कार्ड ७२ च्या वर गेलं नाही. पोरगं खूश.

ताई बघायला आली. काच बघितली, लाइट बघितली, पंखे मोजले आणि पहिला प्रश्न, ‘पाच पंखे? अरे लाइट बिल किती येणार?’ म्हणलं, ताई, एक पंखा दोन वॅटचा, पाचांचे मिळून दहा, शंभर तास चालले तेव्हा एक युनिट होतं. हॉलमधला तुझा जुना सीलिंग फॅन एकटा पंच्याहत्तर खातो, नवे बीएलडीसी तीस-पस्तीसमध्ये भागवतात. ताईनं वर बघितलं, मग भाच्याकडं बघितलं आणि म्हणली, ‘तुला वायरिंग जमायला लागलंय ना आता, रविवारी तो बदल आधी.’